न काढलेल्या तिकिटाचे बक्षीस

पावसाळ्याचे दिवस. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, सगळीकडे होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. घरात पैसा येत नाही, खर्च मात्र थांबत नाही. जाळी दुरुस्त करायची असतात, इंजिनाचे काम निघते. अशा वेळी फोन वाजतो. बघावे तर काय, २५ लाखांची लॉटरी लागली!

समजा, हा निरोप आपल्याच एका कोळीदादाला आला. सोबत चित्र आहे. चित्रात अमिताभ बच्चन, वर 'कौन बनेगा करोडपती'चे नाव, खाली गोल शिक्का. लिहिले आहे, 'आमच्या मॅनेजरला व्हॉट्सॲपवर फोन करा.' दादा फोन करतो. पलीकडचा माणूस फार गोड बोलतो. म्हणतो, आधी ८ हजार रुपये फी भरा. दादा भरतो. मग म्हणतो, आता कराचे २५ हजार. तेही जातात. मग आणखी काही निघते. दर वेळी 'हे शेवटचे' असे सांगतो. बायकोने सुकी मासळी विकून साठवलेले पैसे संपतात, तेव्हा फोन बंद होतो.

हा निरोप खरोखरच देशभर फिरला. २०२० साली दिल्ली पोलिसांनी त्याबद्दल लोकांना सावध केले. यातले पुष्कळ फोन +९२ या आकड्याने सुरू होत. तो पाकिस्तानचा आकडा. आपला +९१. पण +९१ दिसला म्हणजे माणूस खरा, असे मुळीच नाही बरं का!

दुसरी तऱ्हा ईमेलची. ईमेल म्हणजे फोनवर येणारे पत्र. ते इंग्रजीत असते, रक्कम परदेशी पौंडांत असते, आणि खाली कधी रिझर्व्ह बँकेचे नाव असते. शिकलेली माणसेही त्याला फसतात. रिझर्व्ह बँक कोणा एकट्यादुकट्याचे खाते ठेवत नाही, बक्षिसे वाटत नाही. उलट, परदेशी लॉटरीसाठी पैसे बाहेर पाठवणे आपल्या कायद्यात बसत नाही. हे तिने २०१० साली बँकांना पुन्हा बजावले.

आता खरी लॉटरी कशी असते ते पाहू. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. तिकीट विकत घ्यायचे आणि नंबर लागला तर तेच तिकीट दाखवायचे, अशी तिची रीत. तिकीटच काढले नाही, तर नंबर लागेल कसा? जाळे टाकल्याशिवाय होडीत बोंबील येत नाही.

आणि कराचे म्हणाल, तर रोख बक्षीस १० हजारांच्या वर असले, की देणाराच १०० रुपयांतले ३० रुपये कापून घेतो. २५ लाखांचे साडेसात लाख कापून साडेसतरा लाख हाती येतील. कर आधी खिशातून भरा, असे कोणी सांगितले की तिथेच ओळखावे.

'पैसे घेण्यासाठी पिन टाका' असेही सांगतात. पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही. फोनवर आलेला ओटीपीही सांगू नये.

एवढे करूनही कोणी फसलाच, तर? आम्ही पाहतो, माणूस लाजेने गप्प बसतो. लोक हसतील म्हणून घरातही बोलत नाही. तेवढ्यात चोर पैसे दुसऱ्या खात्यात, तिथून तिसऱ्यात नेतो. म्हणून लगेच १९३० या नंबरावर फोन करावा. हा सरकारी नंबर आहे. पैसे वाटेतच कुठल्या खात्यात असले, तर ते तिथे अडवता येतात. आपल्या बँकेलाही कळवावे. निरोप पुसून टाकू नये. पोलिसांना तो दाखवावा लागतो.

काही दिवसांनी आणखी एक फोन येण्याचा संभव असतो. 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फी भरा.' हाही बहुधा त्याच टोळीतला.