परतीची वाट

जुन्या वाड्याच्या दरवाजाआत देवडी असे. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी तिथे होई आणि मगच त्याला आत किंवा बाहेर सोडले जाई. आजच्या कार्यालयातील संगणकांच्या जाळ्यालाही अशीच एक देवडी असते. तिला फायरवॉल म्हणतात. एका घराची आग शेजारच्या घरात शिरू नये म्हणून मध्ये जी भिंत घालतात, तिच्यावरून हे नाव पडले. लहान कार्यालयांत पुष्कळदा एखादा साधा संगणकच हे काम करतो. त्याला दोन नेटवर्क कार्डे बसवलेली असतात : एक आतल्या जाळ्याला जोडलेले, दुसरे बाहेरच्या इंटरनेटला.

या यंत्राकडे वस्तुतः दोन कामे असतात, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. पहिले काम पहारेकऱ्याचे : कोणाला सोडावे, कोणाला अडवावे. दुसरे टपालखात्यातील सॉर्टरचे : आलेले पाकीट कोणत्या वाटेने धाडावे. इंटरनेटवरील माहिती लहान लहान पाकिटांतून जाते आणि प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. यंत्र घेणाऱ्याचा पत्ता आपल्या मार्गांच्या यादीत पाहते. अनेक नोंदी लागू पडल्या, तर त्यांतील सर्वांत नेमकी मानते; एकही लागू पडली नाही, तर ‘बाकी सर्व इकडे’ या नोंदीप्रमाणे पाकीट बाहेरच्या दाराकडे देते.

एखाद्या पतपेढीचे उदाहरण घ्यावे. तळमजल्यावरील संगणकांचे पत्ते १९२.१६८.१ या मालिकेतले. फायरवॉलच्या आतल्या कार्डाचा पत्ता १९२.१६८.१.१. व्यवहार वाढला, वरचा मजला घेतला. तिथे १९२.१६८.२ ही मालिका दिली आणि दोन मजल्यांमध्ये एक राउटर बसवला. त्याचा खालच्या बाजूचा पत्ता १९२.१६८.१.२. सोमवारी सकाळी तळमजल्याचे काम सुरळीत चालते, वर मात्र काहीच उघडत नाही. खातेदार रांगेत उभे असतात. अशा वेळी पहिला संशय पहारेकऱ्यावर येतो आणि कोणीतरी घाईने ‘सर्वांना सोडावे’ असा नियम घालतो. तरीही काम होत नाही. आणि धावपळीत उघडलेले दार तसेच राहून जाते. खरे नुकसान हे आहे. बंद पडलेले काम सर्वांना दिसते. उघडे राहिलेले दार चोर शिरेपर्यंत कोणाला दिसत नाही.

मग घडले काय? वरच्या मजल्यावरचे पाकीट राउटरवाटे फायरवॉलपर्यंत पोचले. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खाजगी जाळ्यांसाठी राखलेले असून इंटरनेटवर चालत नाहीत. म्हणून फायरवॉलने त्यावर आपला बाहेरचा पत्ता घालून ते पुढे धाडले. उत्तरही आले. यंत्राने मूळ पत्ता पुन्हा घातला, यादी पाहिली, तीत १९२.१६८.२ची नोंदच नव्हती. तेव्हा ‘बाकी सर्व इकडे’ या नियमाने ते उत्तर पुन्हा बाहेरच्या दाराने निघाले आणि वाटेत नाहीसे झाले. काही यंत्रे याहून दक्ष असतात. पाकीट ज्या कार्डावर आले, त्याच कार्डावरून परतीची वाट नसेल, तर ती ते आरंभीच टाकून देतात. दोन्ही प्रकारांत दोष एकच : जाण्याची वाट होती, परतीची नव्हती. उपायही एका ओळीचा : १९२.१६८.२ची पाकिटे १९२.१६८.१.२कडे द्यावीत, ही नोंद यादीत घालणे.

असा दोष शोधताना जवळून दूर जावे. पिंग नावाची एक लहानशी आज्ञावली आहे. १९८३ साली अमेरिकेत माइक म्यूस यांनी ती लिहिली आणि सोनार यंत्राच्या नादावरून तिला हे नाव दिले. ती दूरच्या यंत्राला हाक मारते आणि ओ येते का ते पाहते. प्रथम फायरवॉलवरूनच बाहेर हाक मारावी. ओ आली, तर बाहेरची बाजू ठीक. मग दोन्ही मजल्यांवरून आतल्या कार्डाला हाक मारावी. खालून ओ येते व वरून येत नाही, एवढ्यानेच शोधाचे क्षेत्र कितीतरी लहान होते. शेवटी टीसीपीडंप या आज्ञावलीने दोन्ही कार्डांवरची ये-जा टिपावी. हाक आतल्या कार्डावर येते आणि ओ बाहेरच्या कार्डावरून निघते, असे दिसले की परतीची वाट चुकली हे सिद्ध होते.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. ‘बाकी सर्व इकडे’ ही नोंद बाहेरच्या कार्डाकडेच असावी. आतल्या कार्डालाही ती दिली, तर पाकिटे भलत्याच वाटेला लागतात. दुसरे असे की, लिनक्समध्ये एका कार्डावरचे पाकीट दुसऱ्याकडे देण्याचे काम मुळात बंद असते. ते मुद्दाम चालू करावे लागते. आतून बाहेरच्या कार्डाला मारलेल्या हाकेला ओ आली, तरी हे काम चालू असल्याचा तो पुरावा नव्हे. ती ओ यंत्र स्वतःच देते.

तात्पर्य, पहाऱ्याचे नियम सैल करण्यापूर्वी मार्गांची यादी वाचावी. आणि परीक्षेसाठी एखादा नियम उघडावाच लागला, तर तो कागदावर लिहून ठेवावा व संध्याकाळी देवडीचे दार लावल्याशिवाय कोणी घरी जाऊ नये.