कुत्र्याने उंदीर पकडला? कौतुक नंतर करा

म्हैसूरमध्ये चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी राहत असाल, तर तुमचं अंगण आणि रान यांच्यात फार तर एक कुंपणभिंत असते. खार, घूस, सरडा, बेडूक, सगळे शेजारीच. मग एक दिवस तुमचा टॉमी झुडपातून काहीतरी तोंडात धरून येतो आणि घरात कौतुक सुरू होतं, "शिकारी आहे हो आमचा!" आधी त्याने काय पकडलंय ते पाहा.

सगळ्यात जास्त जपायचं ते सहज हाती लागलेल्या उंदराला. धडधाकट उंदीर कुत्र्याला सहसा सापडत नाही. सुस्त पडलेल्या उंदराने विष खाल्लेलं असू शकतं. उंदीर मारायच्या वड्यांमध्ये बऱ्याचदा ब्रोमाडायोलोन असतं, ते रक्त गोठू देत नाही. एखाद्या उंदराने मोठ्या कुत्र्याला सहसा काही होत नाही, पण तो रोज उंदीर खात असेल, लहान चणीचा असेल किंवा त्याने वडीच चघळली असेल, तर धोका खरा. आणि हे विष फसवं आहे. 3 ते 5 दिवस कुत्रा मजेत जेवतो, खेळतो. मग धाप लागते, हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येतं. म्हणून लक्षणांची वाट पाहू नका. वेळेत नेलंत, तर 'के1' जीवनसत्त्वावर बहुतेक कुत्रे वाचतात, औषध मात्र काही आठवडे चालतं. वडीचं पाकीट सापडलं, तर डॉक्टरांकडे घेऊन जा.

काळी पूड असलेलं झिंक फॉस्फाईड मात्र काही तासांतच काम करतं. पोटातल्या आम्लाने त्याचा विषारी वायू होतो. म्हणून त्याला भाकरी-दूध भरवू नका आणि मिठाचं पाणी पाजून उलटीही काढू नका. गाडीच्या काचा उघड्या ठेवून थेट दवाखाना गाठा. त्याला उलटी झाली, तर तिचा वास तुम्हालाही बाधतो.

उंदराच्या लघवीतून लेप्टो पसरतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत याच रोगाने माणसं दगावली होती. कुत्र्याला तो झाला, तर त्याच्या लघवीतून तो घरातल्यांनाही होऊ शकतो. लसीच्या कार्डावर लेप्टोचं नाव आहे का, आजच बघा. ही लस दरवर्षी द्यावी लागते.

पाली-सरड्यांमधून अन्ननलिकेत गाठी करणारा एक जंतही येतो. काही महिन्यांनी कुत्रा गिळलेलं परत बाहेर काढू लागतो. नेहमीची जंताची गोळी त्यावर पुरत नाही, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

आणि पावसाळ्यातला तो खरखरीत पाठीचा मोठा बेडूक! त्याला नुसतं तोंड लावलं तरी फेस येतो. कुत्र्याचं डोकं खाली करून गालाच्या बाजूने पाणी सोडा, म्हणजे ते घशात जाणार नाही. हिरड्या ओल्या फडक्याने पुसा. तो झोकांड्या खाऊ लागला, तर उशीर नको. पावसाच्या संध्याकाळी त्याला मोकळं सोडण्याऐवजी पट्टा लावूनच बाहेर काढा.