पाल दिसली की कोण ओरडतं?

भिंतीवर पाल सरसरत आली की तुमच्या घरात काय होतं? ताई किंचाळून पलंगावर चढते. छोटू मात्र पाल कुठे जाते ते बघायला तिच्या मागे मागे फिरतो. आजी ती चुकचुकली तरच मान वर करते, 'कृष्ण कृष्ण' म्हणते आणि पुन्हा शेंगा सोलायला लागते. पाल एकच, मग तिघांच्या तीन तऱ्हा का?

याचं थोडं उत्तर आपल्या मेंदूत खोलवर दडलंय. दोन्ही कानशिलांच्या आत, बदामाएवढा आणि बदामाच्याच आकाराचा एकेक भाग असतो. त्याचं नाव अमिग्डाला. धोक्याचं, नवं किंवा महत्त्वाचं काही समोर आलं की तो झटकन कामाला लागतो. म्हणून तर 'हे काय आहे?' असा विचार पुरा होण्याआधीच छाती धडधडायला लागते!

पण जिवंत माणसाच्या डोक्यात डोकावायचं कसं? त्यासाठी एमआरआय यंत्र आहे. माणूस त्यात न हलता पडून राहतो आणि यंत्र ठकठक असा मोठ्ठा आवाज करत राहतं. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो, तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त धावतं. यंत्र नेमकं तेच टिपतं. ही युक्ती 1990 मध्ये सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञानं दाखवून दिली.

आता खरी गंमत. 2002 मध्ये तुरहान जानली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माणसांना यंत्रात झोपवून चेहऱ्यांचे फोटो दाखवले. घाबरलेला चेहरा दिसला की जवळजवळ सगळ्यांचाच अमिग्डाला जागा व्हायचा. हसरा चेहरा दिसला तर? ज्यांना माणसांत मिसळायला, गप्पा मारायला आवडतं, त्यांचाच अमिग्डाला जास्त जागा झाला. फोटो तोच, हसू तेच, पण प्रत्येक मेंदूचा प्रतिसाद वेगळा!

हा फरक लहानपणापासूनच असतो का? अमेरिकेत जेरोम केगन यांनी काही मुलांना ती दोन वर्षांची असताना पाहिलं होतं. नवा माणूस किंवा नवं खेळणं दिसलं की काही मुलं बुजायची, काही खुशाल पुढे जायची. हीच मुलं विशीत आल्यावर कार्ल श्वार्ट्झ यांनी त्यांचे मेंदू तपासले. लहानपणी बुजणाऱ्यांचा अमिग्डाला अनोळखी चेहरे बघून अजूनही जास्त सजग होत होता. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यासाठी शास्त्रज्ञांनी चक्क मुलं मोठी व्हायची वाट पाहिली.

आणि अमिग्डाला कामच करत नसेल तर? अमेरिकेतल्या एका बाईंचे दोन्ही अमिग्डाला एका दुर्मीळ आजारानं निकामी झाले. 'मला साप अजिबात आवडत नाहीत' असं त्या म्हणायच्या. पण शास्त्रज्ञ त्यांना सापांच्या दुकानात घेऊन गेले, तर त्यांनी साप हातात घेतला, त्याच्या खवल्यांवरून बोट फिरवलं, लवलवत्या जिभेलाही हात लावला! पुढे 2013 मध्ये कळलं, की कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगल्यावर याच बाई भयंकर घाबरल्या. म्हणजे भीतीच्या वाटा मेंदूत आणखीही आहेत. अमिग्डाला म्हणजे 'भीतीचं बटण' असं कुणी सांगितलं, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

आपल्याकडे एमआरआय यंत्र नाही, पण मनगट आहे. दोन बोटं ठेवून 30 सेकंद नाडी मोजा. मग पालीचा किंवा झुरळाचा व्हिडिओ बघा आणि लगेच पुन्हा मोजा. घरातल्या सगळ्यांची मोजा, आकडे वहीत लिहा. अट एकच : ज्याचा आकडा वाढेल, त्याला 'भित्री भागूबाई' म्हणायचं नाही!