पेटीतील पदके

महूची छावणी इंदूरहून जवळच असल्याने येथील कित्येक मराठी घरांत आजोबांची लष्करी पदके पेटीत जपून ठेवलेली असतात. कोणते कशाबद्दल मिळाले, हे मात्र मुलांना क्वचितच सांगता येते. म्हणून आम्ही थोडा खुलासा करतो.

पदके मुख्यतः दोन प्रकारची. पहिला प्रकार शौर्याचा. २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालेले परमवीरचक्र शत्रूसमोर गाजविलेल्या असामान्य पराक्रमाबद्दल वा आत्मबलिदानाबद्दल दिले जाते. हुद्द्याचा भेद तेथे नाही. शत्रूसमोर नसताना दाखविलेल्या तशाच धैर्यासाठी अशोकचक्र आहे. परमवीरचक्राची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखाटली. जन्माने युरोपीय असलेल्या या बाई मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून येथल्याच झाल्या. एप्रिल १९४८ मध्ये कारवारकडील सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे जखमी असूनही राजौरीच्या वाटेवरील सुरुंग व अडथळे दूर करीत राहिले. हयातीत हे चक्र मिळविणारे ते पहिले वीर होत. आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले.

दुसरा प्रकार सेवेचा. ९, २० व ३० वर्षांच्या सेवेबद्दल निरनिराळी पदके मिळतात. काही पदके विवक्षित प्रदेशात ठराविक दिवस काढल्यावर मिळतात. त्यांना कोणी कमी लेखू नये. त्यांच्यामागे पराक्रमाची एखादी घटका नसेल, परंतु घरापासून दूर काढलेली वर्षे असतात, आणि ती वर्षे घरी राहिलेल्या पत्नीनेही काढलेली असतात. म्हणून पदक पुसून ठेवताना आजोबांची पलटण, ठिकाण व सन मुलांकडून वहीत उतरवून घ्यावे. सांगणारे आहेत तोवरच हे साधेल.