दोघातिघांमध्ये असणारा प्रभू

रविवारच्या सकाळी मिस्सा सुरू होते, तेव्हा आपल्या अनेक चर्चच्या मुख्य दरवाजाबाहेर काही पुरुष मंडळी उभी असलेली दिसतात. आत बाके रिकामी असतात. तरीही ही मंडळी व्हरांड्यात किंवा झाडाच्या सावलीत थांबतात. प्रवचन सुरू झाले की आणखी थोडी दूर सरकतात (त्यात प्रवचनकाराचा दोष नसतोच असे आम्ही म्हणणार नाही) आणि वेदीवरील घंटा वाजली की दरवाजाशी येऊन भक्तिभावाने गुडघे टेकतात. त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हाला शंका नाही. घंटेच्या त्या क्षणी प्रभू वेदीवर उपस्थित आहे, हे त्यांना पक्के ठाऊक असते. तोपर्यंत मात्र तो यायचा आहे, अशी त्यांची समजूत असावी. ही समजूत अपुरी आहे, आणि ती केवळ दरवाजाबाहेरच्यांचीच आहे असेही नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान संमत केले. २१४७ मते बाजूने आणि अवघी ४ विरोधात, असा तो कौल होता. या संविधानाच्या सातव्या परिच्छेदात उपासनेमध्ये ख्रिस्त कोणकोणत्या प्रकारे उपस्थित असतो हे सांगितले आहे. तो मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूच्या ठायी आहे, सर्व संस्कारांत आहे, पवित्र शास्त्राचे वाचन होते तेव्हा त्या शब्दात आहे. विशेषत्वाने तो भाकर व द्राक्षारसाच्या रूपात आहे. आणि ख्रिस्तसभा एकत्र येऊन प्रार्थना करते, गाते, तेव्हाही तो तेथे आहे. या शेवटच्या उपस्थितीचा आपल्याला सर्वाधिक विसर पडतो.

ख्रिस्तप्रसादातील उपस्थिती ‘खरी’, मग बाकीच्या खऱ्या नाहीत काय? पोप सहावे पॉल यांनी १९६५ साली आपल्या परिपत्रकात याचा खुलासा केला. ख्रिस्तप्रसादातील उपस्थितीला आपण ‘खरी’ म्हणतो, ते इतर उपस्थिती खऱ्या नाहीत म्हणून नव्हे, तर ती सर्वश्रेष्ठ अर्थाने खरी आहे म्हणून.

मिस्साविधीतील एका साध्या कृतीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. सणाच्या मिस्सात अर्पणांना, क्रुसाला, वेदीला आणि धर्मगुरूला धूप दाखविल्यानंतर धूपदाणी घेतलेला सेवक पुढे येतो आणि समोर उभ्या असलेल्या सर्व लोकांना धूप दाखवितो. वेदीला जो मान, तोच बाप्तिस्मा झालेल्या या समुदायाला! पहिल्या बाकावरच्या प्रतिष्ठितांनाही तोच आणि शेवटच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्यालाही तोच.

जेथे दोघे किंवा तिघे आपल्या नावाने जमतात तेथे आपण असतो, हे प्रभूचे आश्वासन आपण प्रार्थनासभेच्या आरंभी नेहमी आठवतो. उपस्थिती कमी असेल तर जरा जास्तच आठवतो. परंतु ते मत्तयच्या शुभवर्तमानात कोठे येते, हे पाहण्यासारखे आहे. अठराव्या अध्यायात त्याच्या आधी अपराध केलेल्या बंधूकडे जाऊन त्याला परत कसे मिळवावे याची शिकवण आहे, आणि त्याच्या लगेच नंतर किती वेळा क्षमा करावी, हा पेत्राचा प्रश्न आहे. म्हणजे हे दोघे किंवा तिघे कोणी आपोआप जुळलेले मित्र नव्हेत. ते भांडू शकणारे, कदाचित भांडलेले आणि तरीही एकत्र आलेले लोक आहेत.

हे ध्यानात घेतले की आपल्या उपासनेकडे पाहताना मन अस्वस्थ होते. शेताच्या बांधावरून किंवा घराच्या वाटणीवरून अबोला धरलेले दोन सख्खे भाऊ एकाच मिस्साला येतात; एक डावीकडे बसतो, दुसरा उजवीकडे. शांतीची खूण देण्याची वेळ येते तेव्हा दोघेही आपापल्या शेजाऱ्याकडे वळतात. दोघेही रांगेत येऊन एकाच प्रभूला स्वीकारतात. त्यांना नियम सांगणे सोपे आहे. पण मधल्या चार बाकांमध्येही तोच प्रभू त्यांची वाट पाहत आहे, हे त्यांना कोणी सांगावे? आम्ही धर्मगुरूही ते क्वचितच सांगतो. गायकवृंद सुंदर गातो आणि समुदाय ऐकत बसतो, तेव्हाही आम्ही समाधानी असतो.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना एकत्र येण्याची किंमत मोजावी लागली. सम्राट डायोक्लेशियनच्या छळात, इ. स. ३०४ मध्ये, आजच्या ट्युनिशियातील अबितिना गावचे ४९ ख्रिस्ती लोक रविवारी एका घरात उपासनेसाठी जमले असताना पकडले गेले. बंदी असताना का जमलात, असे कार्थेज येथे विचारले गेले, तेव्हा प्रभूच्या दिवसाच्या या उपासनेवाचून आम्हाला जगताच येत नाही, अशा आशयाचे उत्तर एमेरितुसने दिले. त्यांना घरी एकेकट्याने प्रार्थना करता आली असती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे आपली चर्च बंद झाली, तेव्हा आपण हा वियोग थोडाफार अनुभवला. मोबाइलवरील मिस्साने त्या काळात अनेकांना धीर दिला, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. मात्र दरवाजे उघडल्यानंतरही काही जण पडद्यासमोरच राहिले. तेथे वाचन ऐकू येते, वेदीही दिसते, कदाचित चर्चमधल्यापेक्षा अधिक स्पष्ट. मात्र शेजारी कोणी खोकत नाही, कोणाचे मूल रडत नाही, आणि ज्याच्याशी समेट करावा असा माणूसही तेथे नसतो.

आजारी व वृद्ध यांची गोष्ट निराळी. संत जस्टिन यांनी इ. स. १५५ च्या सुमारास रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन ख्रिस्तप्रसाद घेऊन जात, असे ते नमूद करतात. आजही रविवारी मिस्सा संपल्यावर ख्रिस्तप्रसाद घेऊन सेवक घरोघरी निघतात. आमच्या परिचयाच्या एका आजी पांढरे कापड अंथरून, मेणबत्ती लावून त्यांची वाट पाहत असतात. ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर त्या काही वेळ डोळे मिटून बसतात आणि मग पहिला प्रश्न विचारतात : “आज मिस्साला कोण कोण आलं होतं?”