चातुर्मासातील तीन ग्रंथ

रात्रीची जेवणे आटोपल्यावर सर्वांनी माजघरात बसून काही वाचावे, असा परिपाठ आम्ही गेल्या चातुर्मासात ठेविला होता. त्यातील तीन ग्रंथांविषयी दोन शब्द.

प्रथम विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घेतला. कर्ज फेडण्यासाठी दक्षिणेच्या आशेने १८५७ साली निघालेला वरसईचा हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. सर्वस्व लुटले गेले, तरी गंगोदकाची कावड घेऊन घरी परतला. १९०७ साली छापलेला हा वृत्तांत मुलांनीही कान टवकारून ऐकिला.

नंतर इरावतीबाई कर्वे यांचे 'युगान्त' (१९६७). त्यात गांधारी, कुंती, द्रौपदी देव्हाऱ्यातून उतरून माणसांत येऊन बसतात. आम्हांस हे प्रथम रुचले नाही; परंतु विवेचनास भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीचा आधार असल्यामुळे नुसते नाक मुरडून भागेना.

तिसरा ग्रंथ लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३७). लेखिकेने धर्मांतर केले, एवढ्याच कारणाने आम्ही तो वर्षानुवर्षे कपाटात मिटून ठेविला होता. या खेपेस सूनबाईंनी तो आपण होऊन काढिला. पती १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर झालेल्या ताटातुटीचा भाग वाचताना त्यांचा कंठ दाटला. आम्हांसही उपरण्याने डोळे टिपावे लागले. पतीपाशी अक्षरे गिरविलेल्या त्या बाईंची भाषा इतकी सरळ, की आमच्या समासप्रचुर मराठीची आम्हांस लाज वाटली.

ग्रंथाची पारख ग्रंथ वाचूनच करावी, हे आम्ही विद्यार्थ्यांस जन्मभर सांगितले. स्वतः मात्र पाळिले नाही, आणि तेवढी वर्षे घरची माणसे एका उत्तम ग्रंथास मुकली.