बर्फाखालचा दिवा

चार अंश सेंटिग्रेड उष्णमानास पाणी सर्वांत जड असतें, हा पदार्थविज्ञानाचा नियम आपण वर्गांत पाठ करितों आणि परीक्षा संपली कीं विसरून जातों. परंतु शीत प्रदेशांतील सरोवरांत हिवाळाभर मासे जिवंत राहतात, ते याच नियमाच्या आधारावर. चार अंशांचें जड पाणी तळाशीं बसतें. त्याहून थंड व हलकें पाणी वर राहतें, आणि तेंच गोठून सरोवरावर बर्फाचें झाकण होतें. या झाकणाखालीं मासे संथपणें फिरत असतात आणि वर माणसें गळ सोडून बसतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटा येथें व शेजारच्या कॅनडांत हा हिवाळ्यांतील मोठा छंद आहे.

नव्या, स्वच्छ बर्फाची जाडी निदान ४ इंच असल्यावांचून त्यावर पायीं जाऊं नये, असा मिनेसोटांतील सरकारी खात्याचा इशारा आहे. पुरेसा बर्फ असल्याची खात्री झाल्यावर मोठ्या गिरमिटानें त्यास भोंक पाडितात व त्यांतून गळ सोडितात. पूर्वीं पाण्यांत काय चाललें आहे हें केवळ दोरीच्या हिसक्यावरून ओळखावें लागे. आतां पुष्कळ लोक शेजारच्या भोंकांतून एक लहानसा कॅमेरा लांब तारेनें खालीं सोडितात, आणि तळाचें दृश्य वर तंबूंतील पडद्यावर पाहतात.

परंतु केवळ कॅमेऱ्यानें भागत नाहीं. बर्फावर हिमाचा जाड थर सांचला म्हणजे भर दुपारींही खालीं अंधार असतो. म्हणून भिंगाभोंवतीं विजेचे बारीक दिवे बसवितात. येथें वाचकांस वाटेल कीं, दिवा जितका प्रखर तितकें अधिक दिसेल. वस्तुस्थिति उलट आहे. धुक्यानें भरलेल्या घाटांत मोटारीचे दिवे प्रखर केले असतां समोर केवळ पांढरी भिंत दिसते. गढूळ पाण्यांतही तसेंच होतें. गाळाचे कण प्रकाश परत भिंगाकडे फेंकितात. यावर उपाय म्हणजे दिवा मंद करणें, किंवा भिंगापासून दूर, एका बाजूस धरणें.

प्रकाशाचा रंगही महत्त्वाचा आहे. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेतें. यामुळें वर लालभडक दिसणारें आमिष खोल पाण्यांत काळसर दिसतें. हिरवा प्रकाश त्या मानानें दूरवर पोहोंचतो. कांहीं कॅमेऱ्यांत अवरक्त किरणांचे दिवे असतात. बहुतेक माशांस ते दिसत नाहींत, म्हणून ते बुजत नाहींत. परंतु हे किरण पाण्यांत थोड्याच अंतरावर विरून जातात, आणि चित्र जवळच्याच वस्तूंचें व रंगहीन उमटतें.

दिवा पाहण्यासाठीं लावणें निराळें आणि भुलविण्यासाठीं लावणें निराळें. हिरव्या दिव्याभोंवतीं सूक्ष्म जलजीव गोळा होतात, त्यांच्यामागें लहान मासे व लहानांच्या मागें मोठे मासे येतात. मिनेसोटांत गळास बांधलेल्या प्रकाशमान आमिषाखेरीज दिव्यानें मासे भुलविण्यास कायद्याची मनाई आहे. हा प्रश्न आपणांसही परका नाहीं. प्रखर दिव्यांनीं समुद्रांतील थवेच्या थवे एकत्र करून उचलले जातात आणि पारंपरिक मच्छीमारांचीं जाळीं रिकामीं राहतात, अशी तक्रार कोंकण व गोव्याच्या किनाऱ्यावर झाली. आणि २०१७ सालीं भारत सरकारनें देशाच्या सागरी आर्थिक क्षेत्रांत एलईडी दिव्यांच्या साहाय्यानें होणाऱ्या मासेमारीस बंदी केली.

मग या दिव्याचा सदुपयोग कोणता? फार खोलांतून मासा भराभर वर ओढला तर पाण्याचा दाब कमी होऊन त्याच्या पोटांतील वायूची पिशवी फुगते. असा मासा परत सोडला तरी अनेकदां जगत नाहीं. खालीं आलेला मासा लहान आहे हें पडद्यावर ज्यास दिसलें, तो आपला गळ वेळींच वर घेऊं शकतो. पूर्वींच्या माणसास हें दिसत नसे, म्हणून त्यास दोष नव्हता. ज्यास दिसतें, त्यास तो दोष टाळितां येत नाहीं. विद्यार्थी मित्रहो, ज्ञानानें आपली शक्ति वाढते. तिच्याबरोबर आपली जबाबदारीही वाढते, हें या लहानशा दिव्याच्या उजेडांत आम्हांस स्पष्ट दिसतें.